आंबट आहे म्हण की!

दिंडोरीच्या पुढे, द्राक्षमळ्याला लागून असलेल्या एका शेडमध्ये, हातात उंच बारीक ग्लास धरून मी अतिशय आत्मविश्वासानं खोटं बोललो. ‘मस्त फ्रूटी आहे,’ मी म्हणालो. हा शब्द मी रील्समधून उचलला होता. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या आजींनी माझ्याकडे पाहिलं. ‘तोंड तर वाकडं केलंस. आंबट लागली तर आंबट आहे म्हण की. आम्हाला काय राग येतो?’

आंबटच होती हो. आणि ती तशीच असायला हवी होती, हे मला नंतर कळलं.

वाइनरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोठी लॉन्स, संगीत महोत्सव आणि सेल्फी पॉइंट येतात. इथं त्यातलं काही नव्हतं. आईवडील, मुलगी, मुलगा, आजी आणि हंगामात दहा-बारा मजूर, एवढाच कारभार. फसफसणारी वाइन, म्हणजे स्पार्कलिंग, ही त्यांची खास गोष्ट. तिला शॅम्पेन म्हणायचं नाही बरं का. ते नाव फ्रान्समधल्या शॅम्पेन या प्रदेशात बनलेल्या वाइनचं. आपल्याकडेही हा प्रयोग जुना आहे. नारायणगावला १९८०च्या दशकातच ‘ओमर खय्याम’ नावाची स्पार्कलिंग वाइन बनत होती, आणि ती परदेशात जात होती.

आता आंबटपणाचं गणित. आपण जी थॉमसन द्राक्षं खातो ती गोडी भरेपर्यंत वेलीवर ठेवतात. स्पार्कलिंगसाठीची शेनिन ब्लाँसारखी द्राक्षं बारीक आणि बियांची असतात. ती मुद्दाम लवकर, आंबूसपणा शाबूत असताना काढतात, तीही भल्या पहाटे, थंडीत. त्या रसाची आधी साधी वाइन होते. मग ती बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि सोड्याच्या बाटलीसारखं बूच ठोकतात. बंद बाटलीत यीस्ट साखर खातं, त्यातून वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाट नाही म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच-तीन पट होतो. यीस्ट मरून तळाशी बसतं, आणि महिनोन् महिने त्या गाळावर वाइन पडून राहिली की तिला ताज्या पावासारखा वास येतो.

पण तो गाळ काढायचा कसा? बाटली उघडली तर बुडबुडे जाणार. त्यासाठी लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या तिरप्या, मानेवर अडकवतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवत उभ्या करत नेतात. काही आठवड्यांनी सगळा गाळ मानेत येतो. तेवढीच मान गोठवायची, बूच उघडायचं, की दाबानं गाळाचं बर्फाळ बोळं बाहेर उडतं. मग कमी झालेली वाइन भरून कॉर्क आणि तारेचं जाळं. मोठ्या कारखान्यांत बाटल्या फिरवायला यंत्रं असतात. इथं ते काम मुलीकडे आहे. बी.एस्सी. झालेली, वय २४. दोन्ही हातांत एकेक बाटली धरून ती इतक्या वेगानं ओळी संपवत होती की आम्ही मोजायचं सोडून दिलं. ही फळीची पद्धत ज्यांच्या तळघरात रुळली असं मानतात, त्या बार्ब-निकोल क्लिको १८०५ साली विधवा झाल्या आणि धंदा हातात घेतला, तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. ‘व्हव क्लिको’ या नावातल्या ‘व्हव’चा अर्थच विधवा. हे त्या मुलीनंच सांगितलं, बाटल्या फिरवता फिरवता.

तिनं आणखी एक सांगितलं. स्थळं येतात, मुलगी काय करते असं विचारतात, आणि घरचे उत्तर देतात, ‘द्राक्ष बागायतदार आहोत.’ खोटं नाही. पण पूर्णही नाही.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. दारूबद्दल बोलायच्या आपल्याकडे दोनच तऱ्हा आहेत. एक, पाप. दुसरी, पार्टी. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला तेव्हाही तेच झालं. एका बाजूनं संस्कृती बुडाली, दुसऱ्या बाजूनं ‘वाइन म्हणजे दारू नव्हेच, शेतमाल आहे’. मला दोन्ही पळवाटा वाटतात. वाइन ही दारूच आहे. १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास घेतलात, तर त्यात व्हिस्कीच्या ३० मिली पेगपेक्षा जास्त अल्कोहोल असतं. हिशेब करून बघा. ‘वाइन काय, हलकी असते’ हे होस्टेलवरचं ज्ञान सोडून द्या. आणि ती शेतमालही आहेच. त्यात छाटणी आहे, भुरी आणि डावणीची फवारणी आहे, एका रात्रीच्या अवकाळीत सगळं जाण्याची भीती आहे, आणि वरून वर्षभर बाटल्यांत अडकून पडलेला पैसा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुम्हाला परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न आला असता तर तुम्ही हे सहज लिहिलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: चाखणं आणि पिणं यात फरक करायला शिकूया. त्या शेडमध्ये टेबलाखाली एक स्टीलचं भांडं होतं. पिकदाणीच म्हणा. मुलगी प्रत्येक घोट तोंडात घोळवायची, वहीत दोन शब्द लिहायची आणि थुंकायची. तिला रोज चाखावं लागतं, म्हणून ती रोज थुंकते. आणि आम्ही, ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, गटागटा गिळत होतो, कारण थुंकलं तर बावळट दिसू!

आमच्यातल्या एकानं ग्लासच घेतला नाही. आम्ही त्याची यथेच्छ खेचली. ‘भाऊ, ज्यूस मागवू का?’ वगैरे. संध्याकाळी गाडीची किल्ली कोणाकडे दिली, सांगायला नको. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा ओलांडायला फार लागत नाही. परतताना मागच्या सीटवर बसून मला माझ्या विनोदांची लाज वाटत होती. नको असलेला ग्लास आपल्यातले कितीजण फक्त असल्या विनोदांना घाबरून उचलतात?

आणि हो, आपल्या राज्यात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक मद्यासाठी २५, शिवाय परवाना. तुमच्यातले बरेच जण अजून तिथं पोचलेले नाहीत. मग काय झालं? हंगामात एखाद्या मळ्यात परवानगी घेऊन जा. वाइनचं द्राक्ष बियांसकट चावून बघा, आंबवण सुरू असलेल्या टाकीजवळचा वास घ्या, माणसांशी बोला. यातल्या कशालाच वयाची अट नाही. वय झाल्यावर प्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही ठरवलंत तरी तुमचं काही अडत नाही.

एक कामाची गोष्ट मात्र सांगून ठेवतो. बाटली कधी हलवून ‘फट्’ करून उडवू नका. ती फॅशन डॅन गर्नी या ड्रायव्हरनं १९६७ साली ल मान्सची शर्यत जिंकल्यावर पाडली, पण त्या दाबानं सुटलेलं कॉर्क डोळ्यावर बसलं तर डोळा जाऊ शकतो. कॉर्क घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवायची. उसासा टाकल्यासारखा आवाज आला पाहिजे, इतकंच. त्या मुलीनं उघडली तेव्हा तेवढाच आला होता.

निघताना मी आजींच्या पाया पडलो. तेव्हा त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. द्राक्षं कधी उतरवायची हे अजूनही त्याच सांगतात, मणी चावून. यंत्रानं साखर मोजतात ती नंतर. पण वाइनचा थेंबही त्यांनी कधी जिभेला लावलेला नाही.

‘म्हणून तर विचारते येणाऱ्याला,’ त्या म्हणाल्या. ‘पण सगळे आपलं मस्त, मस्त. आता तू नीट सांग. कशी लागते?’

मी आत जाऊन अजून एक घोट घेतला, घोळवला, आणि या वेळी भांड्यात थुंकलो. मग बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि सांगायला लागलो. आधी कैरीसारखी झोंबते. मग जिभेवर मुंग्या चालतात. आणि सगळं संपल्यावर, बऱ्याच वेळानं, बेकरीसमोरून गेल्यासारखं वाटतं.

‘बेकरी?’ आजी म्हणाल्या आणि आत वळून नातीला हाक मारली. ‘अगं, हा बघ काय म्हणतोय!’