स्मारक झालें, उत्तर राहिलें

गणपतीपुळ्यास देवदर्शन आटोपलें म्हणजे पुष्कळ यात्रेकरू जवळच्या मालगुंडास वळतात व केशवसुतांचें जन्मघर पाहून परततात. कोंकण मराठी साहित्य परिषदेनें उभारलेल्या या स्मारकाचें उद्घाटन १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें झालें. काम स्तुत्यच झालें. परंतु मनुष्यस्वभाव असा विलक्षण आहे कीं, जिवंतपणीं ज्याची विचारपूस करीत नाहीं त्याच्या नांवानें मागाहून सभा भरवितों, आणि सभा भरविली म्हणजे त्याचें ऋण फिटलें असें मानतों.

कृष्णाजी केशव दामले यांनीं मुंबई, फैजपूर, धारवाड येथें शिक्षकी केली. १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांस चाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या कवितेचें पुस्तक हरि नारायण आपट्यांनीं काढलें तें १९१७ सालीं; तें पाहणें कवीच्या नशिबीं नव्हतें.

या कवीनें १८८८ सालीं ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता लिहिली. बाहेर हटकलें गेलेलें पोर आईस त्याचें कारण विचारतें. कायद्यानें याचें उत्तर १९५० सालीं दिलें. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली. परंतु वकिलीच्या अनुभवावरून आम्ही इतकें सांगूं शकतों कीं, कलमानें गुन्हा ठरतो, मन पालटत नाहीं. आजही बिऱ्हाडकरू ठेवतांना आडनांव विचारलें जातें. लग्नाच्या जाहिरातींत जात आधीं येते, गुण मागून. ज्यानें आडनांव बाजूस ठेवून ‘केशवाचा सुत’ एवढीच आपली ओळख ठेविली, त्याच्या दारीं आपण कोणत्या तोंडानें जातों?

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आम्हांसही आनंद आहे. कोणी म्हणेल, भाषेचा आणि जातीचा संबंध काय? संबंध हाच कीं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खारव्याची आणि डोंगरकुशींतील कुणब्याची बोली ‘अशुद्ध’ म्हणून हसण्यावारी न्यावयाची आणि मराठीचा जयजयकार करावयाचा, हा अभिमान अर्धाच होय. तसेंच भाषेचा अभिमान म्हणजे परभाषेचा द्वेषही नव्हे. केशवसुतांनीं इंग्रजी काव्य वाचलें, त्यांतील चौदा ओळींचा सॉनेट मराठींत आणिला, आणि मराठी त्यानें श्रीमंतच झाली. आमच्या व्यापारी वाचकांस हें समजावून सांगावयास नको. माल परमुलुखांतून खुशाल आणावा. चोपडी मात्र आपली राखावी.

सबब आमची सूचना साधी आहे. मालगुंडास जाण्यापूर्वीं ती कविता घरांतील मुलांस वाचून दाखवावी, आणि मुलें जें विचारतील त्याचें खरें उत्तर द्यावें. मुलांची नजर तीक्ष्ण असते. भांडीं घासणाऱ्या बाईचा पेला मोरीपाशीं वेगळा कां, हें तीं विचारल्यावांचून राहणार नाहींत. उत्तर देतां येत नसेल, तर आधीं तो पेला उचलून इतर पेल्यांत ठेवावा; मग स्मारकाची वाट धरावी.