पावसाळ्यातील माथेरान

ज्येष्ठ सरू लागला की सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानची गर्दी ओसरते. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडी पावसाळ्यात घाट चढत नाही. अमन लॉज ते माथेरान एवढ्याच फेऱ्या उरतात. निवास-न्याहारीची सोय करणाऱ्या घरांतून तेव्हा निराळी दिनचर्या सुरू होते. ओसरीला ताडपत्री लागते, दमट गाद्यांना शेगडीची ऊब दिली जाते आणि धुक्यातल्या सकाळी दोनच पाहुण्यांसाठी पोह्यांना फोडणी पडते.

गावात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर उतरलेले सामान पुढची दोन-तीन किलोमीटरची वाट बहुधा घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर कापते. पावसात ती लाल वाट निसरडी होते. म्हणून तांदूळ, डाळी, पोहे यांची बेगमी मे महिन्यातच करणे घराला परवडते. मात्र सगळेच आधी भरून ठेवले, तर ओझे वाहणाऱ्याने चार महिने काय खावे? ही अडचण जाणणारी गृहिणी कोठीचा एक कोपरा मुद्दाम रिकामा ठेवते. आठवड्याचे थोडे सामान ती नेहमीच्याच माणसाकडून मागवते आणि मजुरीत घासाघीस करीत नाही.

ताटात न्याहारी टाकून उठणाऱ्या पाहुण्याने एवढेच ध्यानी घ्यावे: त्या घासामागे कोणाची तरी भर पावसातली चढण आहे.