समानार्थी शब्द नावाचा गैरसमज

शाळेच्या इंग्रजीच्या वहीत आपण सर्वांनीच पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचे 'समानार्थी'. ग्लाइड म्हणजे स्लाइड, स्लिप म्हणजे स्नीक, क्रीप म्हणजे स्टील... पाठ करा, परीक्षेत लिहा, गुण घ्या. आजच्या मुलांकडे वहीऐवजी मोबाईल आहे, एवढाच फरक. माझे मत मात्र असे की, अलगद वा गुपचूप हलण्याचे जे डझनभर शब्द इंग्रजीत आहेत, त्यांतले दोन शब्दही एकमेकांच्या जागी निर्धास्तपणे बसवता येत नाहीत. हे शब्द नुसती चाल सांगत नाहीत. चालणाऱ्याविषयी पाहणाऱ्याचे काय मत आहे, तेही सांगतात.

ग्लाइड आणि स्लाइड घ्या. दोन्हींत खडखडाट नाही, धक्का नाही. पण स्लाइडला खाली पृष्ठभाग लागतो. घसरगुंडीवरचे मूल स्लाइड होते, टेबलाचा खण स्लाइड होतो. ग्लाइडमध्ये पृष्ठभाग असला तरी तो जाणवत नाही. पंख न हलवता तरंगणारी घार ग्लाइड करते. इंजिनाविना उडणाऱ्या विमानाला ग्लायडर म्हणतात ते याचमुळे. इंग्रजी ध्वनिशास्त्रात 'य' आणि 'व' यांच्यासारख्या ध्वनींनाही ग्लाइड हेच नाव आहे, कारण तिथे जीभ वा ओठ कुठे न अडता एका स्वरातून दुसऱ्याकडे जातात. नर्तकी रंगमंचावर ग्लाइड झाली असे लिहिले की त्यात कौतुक आले. स्लाइड झाली असे लिहिले, तर वाचकाला वाटेल बाईंचा पाय घसरला!

आता चोरटे शब्द. 'स्टील' म्हणजे चोरणे. पण हेच क्रियापद आवाज न करता जाण्यालाही वापरतात, आणि 'स्टेल्थ' हा शब्द त्याच मुळाचा. रडारला सहज न दिसणाऱ्या युद्धनौकांना 'स्टेल्थ' म्हणतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस शिवालिक' ही तशीच, २०१० साली नौदलात दाखल झालेली. गंमत म्हणजे इथे आपली मराठीही चोरालाच मदतीला बोलावते. चोरपावले, चोरवाट, चोरदरवाजा, चोरटा कटाक्ष. आणि दोन्ही भाषांत या चोरीला मायाही चालते. बाळ नुकते झोपले आहे म्हणून आई खोलीतून चोरपावलांनी बाहेर येते. इंग्रजीत ती 'स्टील' करते. तिथे 'स्नीक' लिहून पाहा, आई लगेच काहीतरी लपवते आहे असे वाटू लागेल.

'स्नीक'मध्ये पकडले जाण्याची भीती आणि थोडा हलकेपणा आहे. 'स्लिंक'मध्ये शरम आहे. मार खाल्लेले कुत्रे जसे जाते तसे, शेपूट घालून. 'क्रीप'मध्ये हळूपणा आहे आणि पाहणाऱ्याच्या अंगावरचा काटाही. तिरके तिरके, अंग चोरत कुणाजवळ सरकण्याला 'सायडल' म्हणतात. याची जन्मकथा तर मोठी मजेदार. आधी 'सायडलिंग' हा तिरकेपणा सांगणारा शब्द होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी त्याचे शेपूट हे क्रियापदाचे रूप समजून तोडले आणि उरले ते 'सायडल' हे क्रियापद. आणि 'स्लिप'? तो या सगळ्यांत निरागस. मासा हातून स्लिप होतो, जिभेवरून शब्द स्लिप होतो, आणि कंटाळवाण्या सभेतून सभ्य गृहस्थही स्लिप होतात. कुणाच्या चारित्र्यावर डाग नाही.

यातले कितीतरी शब्द 'स्ल'ने सुरू होतात हे लक्षात आले असेलच. स्लाइड, स्लिप, स्लिदर, स्लिंक. शिवाय स्लाइम, स्लग, स्लाय. अशा अर्थसूचक ध्वनिगटांना जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये नाव दिले, 'फोनेस्थीम'. हा नियम नव्हे, कल आहे. स्लेट आणि स्लेव्ह यांत कुठे निसरडेपण? पण कानाला सवय लागते खरी. आपल्याकडेही सरकणे, सरपटणे, सळसळ, सुळकन ही मंडळी अशीच एका आळीत राहणारी.

मग भाषांतरात हे सगळे 'हळूच गेला' असे एकाच मापाचे का होते? कारण दोन भाषांची ठेवणच वेगळी. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये हा फरक नीट मांडला. इंग्रजी जाण्याची ढब क्रियापदात कोंबते आणि दिशा 'इन', 'आउट' अशा चिमुकल्या शब्दांवर सोपवते. मराठी बरेचदा उलट करते. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे यांत दिशा आली. ढब वेगळी जोडावी लागते. दबकत, सुळकन, चोरपावलांनी. घाईतला भाषांतरकार हे जोडकाम टाळतो आणि सर्वांना 'हळूच' वाटून मोकळा होतो. मराठी गरीब आहे म्हणून नव्हे. काढता पाय घेतला, सटकला, शेपूट घालून गेला, दबा धरून बसला... घरात भांडी भरपूर आहेत, हात लांब करायचा आळस.

हा केवळ शब्दांचा शौक आहे असे कुणाला वाटेल, म्हणून एक प्रसंग. आमच्या गोव्यात सरकारी टिपणे बहुतांशी इंग्रजीत. एका कार्यालयातला शिपाई, मुलीला ताप आला म्हणून तासभर आधी घरी गेला. शेजारच्या टेबलावर सांगून, पुढच्या दाराने, चारचौघांदेखत. परवानगी लेखी घेतली नव्हती हे खरे. टिपणात मात्र लिहिले गेले, 'स्नीक्ड आउट'. ज्ञापन निघाले. इंग्रजी न येणाऱ्या त्या माणसाला ते कोकणीत समजावले गेले ते असे की, तू न विचारता गेलास ना? तो म्हणाला, होय. झाले! कागदावर त्याने 'स्नीक' केल्याची कबुली दिली. अर्ध्या दिवसाची रजा कापून संपले असते ते वर्तणुकीच्या शेऱ्यापर्यंत गेले. 'लेफ्ट विदाऊट परमिशन' ही वस्तुस्थिती होती. 'स्नीक्ड' हा निकाल होता, आणि तो चौकशीच्या आधीच क्रियापदात बसवला होता. समजावणाऱ्याने भाषांतर करताना नेमका तोच गाळला.

गमतीचा भाग असा की, ज्याच्या नावावर हा समानार्थी शब्दांचा संसार खपतो त्या पीटर मार्क रोजे यांचा तसा दावाच नव्हता. हे पेशाने डॉक्टर. त्यांचा 'थिसॉरस' १८५२ साली निघाला. त्यात शब्द कल्पनांनुसार गोळा केले आहेत, आणि जवळच्या शब्दांतले भेद सांगणे हे वेगळे काम असून त्यात आपण शिरलेलो नाही, असे त्यांनी प्रस्तावनेतच बजावले आहे. म्हणजे ती यादी शेजाऱ्यांची होती, आपण ती जुळ्यांची समजून बसलो.

तेव्हा शिक्षकांना एक नम्र सूचना. उजव्या बाजूला शब्दांची माळ लिहवून घेण्यापेक्षा मुलांना एकच प्रश्न विचारायला लावा. हा जो कोणी चालला आहे, त्याच्याकडे बघणाऱ्याला त्याच्याविषयी काय वाटते? कौतुक, माया, संशय की किळस? उत्तर मिळाले की शब्द सापडेल. आणि आम्हा टिपणे लिहिणाऱ्यांनी? बघणाऱ्याला काय वाटले ते बाजूला ठेवावे आणि माणूस गेला असेल तर 'लेफ्ट' लिहावे.