ती मर्यादा चालणाऱ्याची आहे

नंबरप्लेट नसलेल्या ई-बाइकचा वेग ताशी २५ किलोमीटरला अडवलेला असतो. तो अडसर काढून टाकण्यात गैर काही नाही, असं आता उघडपणे बोललं जातं. दुकानदार बोलतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोललं जातं, चांगली शिकलेली माणसंही बोलतात. या मताचा नीट समाचार घ्यायला हवा, कारण त्यामागचे युक्तिवाद उडवून लावण्यासारखे नाहीत. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी कायदा. बॅटरीवरच्या दुचाकीच्या मोटारची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असेल, वेग २५ च्या आत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर जात नसेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला आरटीओची नोंदणी नाही, नंबर नाही, विम्याची सक्ती नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. गाडी या चौकटीत बसते की नाही हे तपासून दाखला देणाऱ्या संस्थांपैकी दोन, एआरएआय आणि सीआयआरटी, आपल्या पुण्यातच आहेत.

एवढी मोठी सूट सरकारनं दिली ती गाडी सायकलीच्या जवळची आहे म्हणून. पण या सुटीचा भार कुणावर पडतो? नंबर नसलेली गाडी धक्का देऊन निघून गेली तर रस्त्यावर पडलेल्या माणसाला तिची ओळख सांगता येत नाही. विमा नसल्यामुळे दवाखान्याचं बिल त्याच्याच घरी येतं. हा धोका चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी पत्करावा, असं कायद्यानं त्यांना न विचारता ठरवलं आणि त्या बदल्यात एकच हमी दिली: ही गाडी २५ च्या वर जाणार नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की ती मर्यादा गाडीच्या मालकाची नाहीच. ती चालणाऱ्याची आहे, आणि दुसऱ्याची वस्तू परस्पर मोडीत काढायचा हक्क मालकाला नाही.

ती मोडीत कशी निघते ते मी एका दुकानात पाहिलं आहे. गाडी मेन स्टँडवर घेतली, सीट उचलली. खाली कंट्रोलरची हाताच्या पंजाएवढी पेटी आणि तिच्यातून निघालेला रंगीत वायरींचा झुपका. कारागिरानं त्यातली एक जोडी दोन बोटांत धरून ओढली, सुटलेल्या टोकांना काळी टेप गुंडाळली आणि थ्रॉटल पिळला. मागचं चाक हवेत गरगरू लागलं आणि मीटरवरचा आकडा चाळिशी ओलांडून गेला. ज्याच्यासाठी गाडी घेतली तो नववीतला मुलगा शेजारी उभा होता. क्लासला वेळेवर पोचेल, एवढंच त्याचे वडील म्हणाले. ब्रेक मात्र तेच राहिले, छोटी चाकं आणि अरुंद टायरही तेच. २५ च्या वेगासाठी पास झालेलं सगळं सामान आता ४५ ला वापरलं जाणार होतं.

आता पहिला युक्तिवाद. तो सर्वांत जोरकस आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. आपल्या रस्त्यावर बस, टेम्पो आणि मोटारी ५० च्या वेगानं धावतात; त्यांच्यामध्ये २५ नं जाणारा माणूस मागून चिरडला जाईल, तेव्हा वेग वाढवणं हीच सुरक्षितता, असं म्हणतात. सगळी वाहनं साधारण एकाच वेगानं चालली तर टक्करी कमी होतात, ही गोष्ट खरी आहे. पण शहरात मोटारी खरोखर ५० नं धावतात का? टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीनुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे मोटारीचाच सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर पडला. कर्वे रस्त्यावर सायंकाळी सात वाजता २५ चा वेग कुणाला कमी पडत नाही. तो कमी पडतो हायवेवर, उड्डाणपुलावर आणि रिकाम्या बाह्यवळण रस्त्यावर, आणि तिथे या गाडीनं जायचंच नाही. ज्याला रोज वारज्याहून हिंजवडीला जायचं आहे त्यानं नंबरप्लेटची इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी. ती बाजारात मिळते, तिचे ब्रेक त्या वेगाला तपासलेले असतात आणि तिला विमा असतो. पैसे वाचवायला सायकलीची सूट घ्यायची आणि नंतर स्कूटरचा वेग मागायचा, हे न्यायाचं नाही.

शिवाय हा युक्तिवाद फक्त पाठीमागच्या बसचा विचार करतो, समोरच्या माणसाचा करत नाही. हिशोब साधा आहे. समोर अचानक कुणी आलं तर मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू. २५ च्या वेगानं तेवढ्यात गाडी सात मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर आणखी पाच मीटरांत थांबते, एकूण बारा. ४५ ला त्या एका सेकंदातच साडेबारा मीटर संपतात. म्हणजे जिथे २५ ची गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे ४५ च्या गाडीचा ब्रेक अजून दाबलाही गेलेला नसतो. पुढचे पंधरा-सोळा मीटर धरले तर थांबायला २८ मीटर लागतात. टक्कर झालीच तर अंगावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते: २५ चे ४५ झाले की ती सव्वातीनपट होते. हे आकडे चांगल्या ब्रेकचे आहेत. पावसात, वाळूवर आणि झिजलेल्या टायरवर ते याहून वाईट होतात.

त्यात ही गाडी आवाज करत नाही. आपल्याकडचा म्हातारा माणूस रस्ता कानांनी ओलांडतो, अंध माणूस तर पूर्णपणे कानांवरच विसंबतो. मागून येणारी पेट्रोल स्कूटर वीस पावलांवरून ऐकू येते. बॅटरीची गाडी खांद्याला लागेपर्यंत कळत नाही. शांत गाडीचं मला कौतुकच आहे, शहराला शांततेची गरज आहे. पण जे ऐकू येत नाही ते सावकाशच यायला हवं. २५ चा आकडा मला या कारणासाठीही पटतो, आणि फुटपाथवर तोसुद्धा फार झाला.

दुसरा युक्तिवाद असा की माणसं मारतात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या, मग पर्यावरणाला चांगल्या असलेल्या बिचाऱ्या ई-बाइकच्याच मागे का लागायचं? २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतले ३२ हजारांवर पायी चालणारे होते. त्यांतले बहुतेक जड आणि वेगवान मोटार वाहनांखाली गेले, हे मी पूर्ण मान्य करतो. ट्रक आणि मोटारींच्या वेगाला आळा घालणं हेच पहिलं काम आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? वेग माणसं मारतो म्हणून आणखी एका वाहनाचा वेग वाढू द्यावा, हा तर नक्कीच नाही. सायकल आणि बॅटरी यांवर ज्यांचा जीव आहे त्यांनीच या मर्यादेसाठी आग्रह धरला पाहिजे, कारण चारदोन अपघातांनंतर लोकांचा राग सरसकट सगळ्यांवर निघतो. सिंगापुरात हेच झालं. तिथे फुटपाथवर ई-स्कूटरना परवानगी होती. वेगाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये मर्यादा १५ वरून १० वर आणली. ती पाळली गेली नाही. सप्टेंबरमध्ये ई-स्कूटरच्या धडकेनंतर एका वयस्क सायकलस्वार बाईंचा जीव गेला आणि ५ नोव्हेंबर २०१९ पासून फुटपाथवर ई-स्कूटरला पूर्ण बंदी आली. सावकाश जाणाऱ्यांनाही ती बंदी सोसावी लागली.

युरोपनं हा गुंता वेगळ्या प्रकारे सोडवला. तिथे पॅडल मारताना २५ पर्यंत मोटारची साथ मिळते, तोवर ती सायकल. ४५ पर्यंत जाणारी ई-सायकलही मिळते, पण नेदरलँड्समध्ये २०१७ पासून तिला मोपेडचे नियम आहेत: नंबरप्लेट, विमा, लायसन्स, हेल्मेट. वेग हवा तर घ्या, पण जबाबदारीसकट घ्या. मला हेच सूत्र न्याय्य वाटतं, आणि आपला कायदाही तत्त्वतः तेच सांगतो. वायर काढलेली गाडी त्या क्षणी मोटार वाहन होते. तीही बिनानोंदणीची आणि बिनाविम्याची.

राहिला पोटाचा प्रश्न. डिलिव्हरी करणारी बरीच मुलं या गाड्या वापरतात. चार्जिंग स्वस्त पडतं, लायसन्स लागत नाही, गावाकडून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी काम सुरू करता येतं. पैसे ऑर्डरवर मिळतात, म्हणून तो फुटपाथवरून आणि राँग साइडनं जातो. त्याला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. पण त्याच्या गरिबीचं नाव पुढे करून वेगाचं समर्थन करणारेही त्याच्या बाजूचे नाहीत. गाडी घसरली तर हाड त्याचंच मोडतं. त्याची मिळकत वाढवायची तर ऑर्डरमागचा दर वाढवा आणि पोचवण्याची मुदत सैल करा. ते कंपनीच्या हातात आहे. ते न करता त्याला ४५ ची गाडी देणं म्हणजे कंपनीचा धोका त्याच्या आणि फुटपाथवरच्या आजीच्या अंगावर ढकलणं होय.

मग करायचं काय? मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तालयानं बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणी मोहीम काढली होती. अशा मोहिमा हव्यात, पण चौकात उभं राहून पोरांना अडवण्यात त्यांचा सगळा जोर जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये फेरफार करणाऱ्या मालकाला फेरफारामागे ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे. विक्रेत्यानं नियमबाह्य गाडी विकली किंवा गाडीत तसा फेरफार केला तर गाडीमागे १ लाखाचा दंड किंवा वर्षापर्यंतची कैद. कायद्यानं दुकानदाराला वीसपट जबाबदार धरलं आहे, तर तपासणीही तिथूनच सुरू व्हावी. आरटीओच्या माणसानं साध्या वेशात गिऱ्हाईक म्हणून जावं आणि वेग वाढवून मिळेल का विचारावं. पहिल्याच दिवशी पुरेशी प्रकरणं हाती लागतील. उत्पादकांनी कंट्रोलर असे बनवावेत की अशी सुटी वायर बाहेर राहूच नये. चीननं अशा छेडछाडीला आळा घालणारं कडक मानक २०२५ पासून लागू केलं आहे, तेव्हा हे तंत्राला अवघड आहे असं कुणी म्हणू नये. आणि महापालिकेनं फुटपाथच्या तोंडाशी दुचाकी आत शिरणार नाही असे खांब बसवावेत, मात्र चाकाची खुर्ची जाईल एवढं अंतर ठेवून.

आईवडिलांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. वेग वाढवलेली गाडी अठराच्या आतल्या मुलाच्या हाती दिली आणि तिच्यावर त्याच्याकडून गुन्हा घडला, तर कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. नुकसानभरपाई द्यायला विमा कंपनी येणार नाही, ती घरातून द्यावी लागेल. म्हणून गाडी घेताना दुकानदाराकडून बिलावर कमाल वेग लिहून घ्या. वेग वाढवून देऊ का, असं त्यानं विचारलं तर नाही म्हणा आणि त्या दुकानाचं नाव आरटीओला लेखी कळवा.