भिंतीवरची बंदूक आणि दहा मीटरवरचा ठिपका

बडोद्यातल्या पुष्कळ जुन्या मराठी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादी शिकारीची तसबीर असते. दसऱ्याला आजोबा-पणजोबांची तलवार किंवा बंदूक बाहेर निघते. ती पुसली जाते, तिला गंध-अक्षता वाहिल्या जातात, आपट्याची दोन पाने तिच्यावर ठेवली जातात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फडक्यात गुंडाळून आत जाते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि वाटावे असे त्यात काही नाहीही. पण त्याच घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने "मला नेमबाजी शिकायची आहे" असे म्हणून पाहावे! आजी म्हणते, "हे काय भलतेच खूळ?" वडील म्हणतात, "आधी परीक्षेचे बघ." आणि मागणी मुलीची असेल, तर कोणी मावशी हळूच विचारते, "स्थळे पाहायला लागल्यावर हे सांगायचे कसे?" शस्त्राची पूजा आपल्याला चालते, शस्त्राची विद्या मात्र चालत नाही. या विसंगतीविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

या विरोधाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. नेमबाजी म्हणजे शिकार, आणि शिकार म्हणजे गेलेल्या संस्थानी दिवसांचा थाट, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. वास्तविक शिकारीचा अध्याय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला, आणि संपला हे उत्तमच झाले. त्या शिकारीत रान उठवायला हाकारे असत, मचाण बांधणारे वेगळे, बंदूक भरून देणारा वेगळा, आणि शेवटी चाप ओढणारा तेवढा तसबिरीत उभा राही. क्रीडा म्हणून जी नेमबाजी आज चालते, तिच्यात हाकारे नाहीत आणि वाहवा करणारे मानकरीही नाहीत. समोर एक कागद किंवा विजेवर चालणारे लक्ष्य, हातात बंदूक, आणि मध्ये आपण स्वतः. चुकले तर दोष देण्याजोगे दुसरे कोणी जवळपास नसते.

आणि परंपराच सांगायची, तर आपल्या जवळ तसबिरीपेक्षा चांगली परंपरा आहे. भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ साली याच बडोद्यात झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे. दादासाहेबांचे कार्यक्षेत्र अहमदाबाद. म्हणजे आपल्यासारखेच, गुजरातेत रुजलेले मराठी माणूस. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, त्याचे संस्थापक हेच दादासाहेब. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी म्हणून जी अखिल भारतीय स्पर्धा घेतली जाते, ती मावळंकरांच्याच नावाने ओळखली जाते. देशभरातली हजारो मुले "यंदा मावळंकर खेळलो" असे अभिमानाने सांगतात; ते मावळंकर कोण, हे बडोद्याच्या किती मराठी घरांत ठाऊक आहे? गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या, कायद्याने आणि विवेकाने सभागृह चालवणाऱ्या या गृहस्थाला रायफलीच्या खेळात काही हिंसक दिसले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्यांना त्यात काय दिसले असेल, हे समजायला खेळाची रीत थोडी पाहावी लागेल. दहा मीटर एअर रायफलीचा प्रकार घेऊ, कारण नवशिक्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. बंदुकीचे वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा. आणि लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा जो ठिपका, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे छर्रा ठिपक्याच्या नऊपट रुंद! पात्रता फेरीत असे साठ नेम उभ्याने धरायचे असतात, आणि त्यासाठी वेळ मिळतो पंचाहत्तर मिनिटे. एका नेमाला सरासरी सव्वा मिनिट.

हा सव्वा मिनिट कशासाठी, हे ज्याला कळले त्याला हा खेळ कळला. उभे राहताना बंदुकीचा भार दंडाच्या बळावर तोलायचा नसतो. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून तो भार हाडांवरून पायांत उतरवायचा असतो. मग श्वास घ्यायचा, थोडा सोडायचा, आणि काही सेकंद तिथेच थांबायचे. त्या काही सेकंदांत नेम स्थिर झाला तर चाप हळूच मागे येतो. नाही झाला, हात थरथरला, मनात भलताच विचार आला, तर बंदूक खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. चांगला नेमबाज आणि कच्चा नेमबाज यांतला फरक पुष्कळदा येथे दिसतो. कच्च्याला वाटते, आता एवढा वेळ धरली आहे तर मारूनच टाकू. चांगला मात्र निमूटपणे बंदूक उतरवतो. न मारलेली गोळी ही त्याची खरी कमाई असते. शस्त्र हाती असून ते न चालवण्याचा निर्णय दर काही मिनिटांनी घ्यायला लावणारी ही विद्या उच्छृंखलपणा शिकवते, असे म्हणणाऱ्यांनी तिचा सराव एकदा तरी जवळून पाहिला आहे काय?

दुसरा धडा त्याहून गमतीचा आहे. नवशिका पहिल्या दिवशी मध्यावर एक छर्रा लागला की हरखून जातो. शिकवणारा मात्र त्याकडे ढुंकून पाहत नाही. तो पाहतो पाच छर्रे एकत्र पडले आहेत की विखुरले आहेत. एक मध्यावर आणि चार चार दिशांना, यापेक्षा पाचही मध्यापासून दूर पण एका ठिकाणी, हे केव्हाही चांगले. एकत्र पडलेला झुबका नेमाच्या पट्टीचा स्क्रू थोडा फिरवला की मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या छर्ऱ्यांना कोणताच स्क्रू उपयोगी पडत नाही. आधी सातत्य, मग यश, हे आपण मुलांना तोंडाने शेकडो वेळा सांगतो. येथे ते कागदावर भोके पाडून दाखवले जाते.

"पण आता वीस वर्षांचा घोडा झाल्यावर कुठे सुरुवात?" हा पुढचा आक्षेप. जिम्नॅस्टिक्सला तो लागू पडेल, नेमबाजीला नाही. राज्यवर्धनसिंह राठोड सैन्यात अधिकारी होते. १९९८ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी हा खेळ गंभीरपणे हाती घेतला आणि २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये ऑलिंपिकचे रौप्यपदक आणले. मुंबईच्या अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती महाविद्यालयातल्या एन.सी.सी.मुळे, २००० साली सिडनीला त्या ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. हे तर अपवादात्मक लोक झाले. आपल्या मुलांनी ऑलिंपिकला जावे, असा माझा आग्रह मुळीच नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर एखाद्याने मोबाईल बाजूला ठेवून स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यावे, एवढेही थोडे नाही.

खर्चाची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्याविषयी फसवे बोलू नये. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते; त्यावर खास जाड कोट, विजार, बूट हे वेगळेच. म्हणूनच नवशिक्याने पहिले काही महिने काहीच विकत घेऊ नये. जवळच्या रायफल क्लबाची चौकशी करावी, तिथल्या बंदुकीवर आणि तिथल्या शिक्षकाकडे शिकावे. पहिले कित्येक दिवस तर छर्राही लागत नाही: रिकाम्या बंदुकीने उभे राहणे, श्वास, चाप, एवढाच सराव असतो. हे ज्याला कंटाळवाणे वाटेल तो आपोआप गळेल आणि घरचे पैसे वाचतील. ज्याला त्यातच गोडी वाटू लागेल, त्याच्यासाठी पुढचा विचार करावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे हे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत त्यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. हा खेळ आता केवळ सरदार-दरकदारांचा उरलेला नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता?

आता राहिली सर्वांत गंभीर शंका. घरात शस्त्र येणार, त्याचे काय? या शंकेला मी हसण्यावारी नेणार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपेक्षा अधिक जोर नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, हे खरे. म्हणून उत्तरायणाला पतंगासारखी ती गच्चीवर न्यावी आणि पाखरांवर नेम धरावा, असा याचा अर्थ कोणी करील तर त्याला क्लबाच्या दारातही उभे करू नये. छर्रा डोळा घेऊ शकतो. नळी सदैव लक्ष्याकडे, बोट नेम धरेपर्यंत चापाबाहेर, आणि प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानून वागणे, हे नियम पहिल्या दिवशी शिकवले जातात आणि शेवटच्या दिवसापर्यंत सुटत नाहीत. घरात कोणी तापट असेल, मनाने खचलेले असेल, तर शस्त्र घरी आणूच नये. ते क्लबातच राहावे. यात संकोच कसला? उलट मला भीती वाटते ती कपाटातल्या त्या वारशाच्या बंदुकीची, जिला कोणी हाताळायला शिकलेले नाही आणि जिचा परवाना कोणाच्या नावे आहे हेही कित्येकदा घरात कोणाला नीट सांगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला वारशाच्या धरूनही दोनच बंदुका ठेवता येतात. दसऱ्याला गंध लावण्याआधी जुन्या घरांनी आपले कागद एकदा तपासून पाहावेत.

बडोदे हे व्यायामाचे शहर. राजरत्न माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात पिढ्या घडवल्या. मराठीतला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश निघाला तोही याच शहरातून. त्या लोकांनी शस्त्राकडे पाहिले ते शिस्तीचे साधन म्हणून. आज आपल्या शेजारच्या अहमदाबादेत वाढलेली एलावेनिल वालरिवन ही तमिळ घराण्यातली मुलगी एअर रायफलीत जगात अव्वल क्रमांकापर्यंत जाऊन आली. तिचे घराणेही परगावाहून येऊन गुजरातेत राहिलेले. तिला कोणी "हे आपल्या घरात शोभत नाही" असे म्हणून अडवले नाही.

आपल्या घरातल्या मुलीने यंदा हट्ट धरला, तर तिला अडवू नका. वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी एकाने पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जावे, मागच्या बाकावर बसून तासभर सराव पाहावा, आणि मग काय ते मत बनवावे. ती किती वेळा बंदूक उचलते आणि किती वेळा न मारता खाली ठेवते, तेवढे मोजावे. तेवढ्याने पुष्कळ शंका फिटतील.