परतणाऱ्या घरातली मुले

डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, याचे महाराष्ट्राने भरभरून कौतुक केले. ते योग्यच होते. पण परतले होते एक कुटुंब. पत्नी मंगलाताईही गणितज्ञ. घर आणि मुली सांभाळत त्यांनी १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्या कष्टांकडे लक्ष तसे कमीच गेले.

आजही तसेच घडते. परतायचे ठरले की आधी पगाराचा हिशेब, मग फ्लॅटचा. मुलांची पाळी शेवटी.

अमेरिकेत जन्मलेली मुलगी बहुधा तिथली नागरिक असते आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर ती इथे आयुष्यभर राहू शकेल. पण अठरा वर्षांची झाली तरी तिला मत देता येणार नाही, आजोबांच्या गावात शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी.

त्याहून रोजचा अडसर शाळेचा. २०२० च्या कायद्याने राज्यात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. हा कायदा हवाच होता. पण आजीशी फोनवर मराठीत गप्पा मारणारी, देवनागरी कधीच न गिरवलेली मुलगी थेट सातवीत बसली, की जोडाक्षरांपाशी अडते आणि वर्गात गप्प होते. तिला विषयातून सूट देणे म्हणजे तिला पुन्हा परके करणे. वर्षभर रोज एक जादा तास, वयाला साजेशी पुस्तके आणि त्या वर्षापुरती गुणांऐवजी प्रगतीची नोंद, एवढे शिक्षण विभागाने एका परिपत्रकाने करावे. येत्या जूनपासूनच.