फुलांची हुंडी

जयसिंगपुरातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली बंद झालेले आडतीचे दुकान, वर दोन खोल्या आणि त्या खोल्यांत एकटी राहणारी सत्तरीची आई. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. वडिलांना जाऊन वर्ष होत आलेले. त्यांच्या पश्चात आईचा पहिलाच वाढदिवस आला, तेव्हा मुलाने बंगळुरूहून फोनवरच्या अ‍ॅपवर वीस लाल गुलाबांचा गुच्छ आणि अर्ध्या किलोचा केक मागवला. पैसे दोन मिनिटांत भरले गेले. गुच्छ मात्र रात्री पावणेनऊला दारात आला.

तोवर आईचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण होऊन गेले होते, सामायिकही आटोपले होते आणि जिन्याचे दार आतून लागले होते. गुच्छ आणणाऱ्या मुलाजवळ फोन नंबर होता तो बंगळुरूचा, आणि बंगळुरूचा फोन त्या वेळी उचलला गेला नाही. अखेर त्याने ते खोके शेजारच्या दुकानाच्या फळीवर ठेवले व तो निघून गेला. सकाळी आईच्या हाती पडले ते माना टाकलेले गुलाब आणि तपकिरी खूण असलेला केकचा डबा. म्हणजे केकमध्ये अंडे होते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या अंडे शिरले नाही, त्या घरात ते मुलाच्या मायेच्या वेष्टनातून आले.

मुलाचा फोन आला तेव्हा आई एवढेच म्हणाली, ‘‘फुलं फार छान होती रे बाळा. उगीच कशाला एवढा खर्च केलास?’’ मुलगा समाधानाने हसला. पुढच्या वर्षीही तो हेच पाठवणार, हे आईच्या ध्यानात आले. पण ती बोलली नाही.

असे घर आज जयसिंगपुरातच आहे असे नाही. इचलकरंजी, निपाणी, हुपरी, कुरुंदवाड, प्रत्यक्ष कोल्हापूर शहर, सर्वत्र मुले दूर गेली आणि आईवडील मागे राहिले. त्यांच्यामधील अंतर भरून काढण्यासाठी फुले धाडण्याची रीत आता रुळली आहे. रीत चांगली आहे. तिच्यामागचा व्यवहार मात्र नीट समजून घेतला पाहिजे, आणि व्यापारी घराण्यांना तो समजण्यास कठीण नाही. कारण त्यांच्या पणजोबांनी नेमका हाच व्यवहार निराळ्या नावाने केला होता.

परगावी फुले पाठवताना फुले प्रवास करीत नाहीत. प्रवास करतो तो निरोप. १९०८ साली बर्लिनमधील माक्स ह्यूबनर या फूलविक्रेत्याने दुकानदारांची एक साखळी उभारली. एका गावच्या दुकानात गिऱ्हाइकाने पैसे भरावेत, दुसऱ्या गावच्या दुकानदाराने आपल्याजवळची ताजी फुले बांधून घरपोच द्यावीत, आणि दोघांनी नंतर हिशेब मिटवावा, अशी ती व्यवस्था होती. १९१० साली अमेरिकेतील फूलविक्रेत्यांनी तारेच्या साहाय्याने हेच सुरू केले. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तारेची जागा अ‍ॅपने घेतली. व्यवहाराचा सांगाडा बदललेला नाही.

हा सांगाडा म्हणजे हुंडीच होय. कोल्हापूरच्या पेढीवरून मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहिली जाई, तेव्हा रुपयांची थैली घाट उतरून जात नसे. जाई तो कागद, आणि मुंबईचा पेढीवाला तो सकारी तो लिहिणाऱ्याच्या पतीवर. हुंडीत दर्शनी आणि मुदती असे भेद होते. शिवाय ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. फुलांचा व्यवहार स्वभावतः जोखमी हुंडीचा आहे. अडचण एवढीच, की येथे पैसे आधी दिले जातात आणि माल पोहोचला की नाही, कसा पोहोचला, हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. पाहणारी एकटी आई असते आणि ती तक्रार करीत नाही.

जुन्या व्यापाऱ्यांनी आणखी एक तजवीज करून ठेवली होती. हुंडी ज्याच्यावर लिहिली त्याने ती नाकारलीच, तर त्याच गावातील दुसऱ्या ओळखीच्या सावकाराच्या नावे एक चिठ्ठी सोबत दिली जाई. तिला जिकरी चिठ्ठी म्हणत. पहिले दार बंद निघाले, तर दुसरे उघडे असावे, हा तिचा हेतू. जयसिंगपूरच्या त्या खोक्यासोबत शेजारच्या वहिनींचा नंबर दिला असता, तर तेवढ्यानेच जिकरीचे काम झाले असते. फुले धाडणाऱ्याने आपला नंबर देऊन थांबू नये. घेणाऱ्याचा द्यावा आणि त्याच गल्लीतील एखाद्या विश्वासाच्या माणसाचाही द्यावा.

दुसरी गोष्ट दलालीची. अमेरिकेतील जुन्या प्रघातानुसार मागणी घेणाऱ्या दुकानाकडे रकमेचा साधारण २० टक्के भाग राहत असे, आणि साखळी चालवणाऱ्या संस्थेचा वाटा त्याहून वेगळा. जो उरे, त्यात फुले देणारा दुकानदार गुच्छ बांधी. दलाली घेणे गैर नाही; आडतीवर घरे चालवलेल्यांना हे सांगावयास नको. परंतु जेथे सरळ सौदा शक्य आहे, तेथे मधल्या हातांची गरज काय, हा प्रश्नही त्याच घरांतून विचारला गेला पाहिजे. कोल्हापुरात महाद्वार रोडवर, अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात फुलांची दुकाने आहेत. लहान गावांतही देवळाजवळ किंवा मंडईत एखादा फूलवाला असतोच. त्याला फोन करावा, पैसे फोनवरूनच पाठवावेत आणि बांधलेल्या गुच्छाचे छायाचित्र मागवावे. तेवढ्याच पैशांत फुले अधिक येतात. शिवाय त्याला घर ठाऊक असते, जिना ठाऊक असतो, आणि आई संध्याकाळी कितीला दार लावते हेही पुष्कळदा ठाऊक असते.

फुलेही दूरची हवीत असे नाही. जयसिंगपूर ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कोंडिग्रे परिसरातील पॉलीहाऊसमध्ये गुलाब व जरबेरा पिकतात आणि खोक्यांत भरून मोठ्या शहरांकडे जातात. आपल्या शिवारातील फूल शहर फिरून, शिळे होऊन परत आपल्याच दारी यावे, यासारखा उलटा व्यापार नाही. दुकानदाराला ‘आज सकाळी काय ताजे आले आहे?’ असे विचारावे आणि तेच घ्यावे. निशिगंधाच्या दांडीची फुले खालून वर उमलत जातात; अर्धी दांडी कळ्यांची असेल, तर ती काही दिवस रोज थोडी थोडी उमलत राहते. एकट्या माणसाच्या घरात रोज सकाळी एक नवे फूल उमललेले दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. शेवंतीही चांगली टिकते. मोगऱ्याचा गजरा एका रात्रीचा. तो माणूस घरात जागे असेल तेव्हाच पोहोचला पाहिजे. गुलाब घ्यावयाचे तर अर्धवट उमललेले घ्यावेत. दांड्यांची टोके तिरपी कापावीत, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पाणी रोज बदलावे. जरबेऱ्याची दांडी मऊ असते, तिला थोडेच पाणी पुरते.

सोबतच्या वस्तूंविषयी दक्षता अधिक हवी. केक, चॉकलेट यांची जोड अनेकदा आपोआप सुचवली जाते व घाईत तीवर बोट पडते. डब्यावरची खूण पाहणारे डोळे तेव्हा दूर असतात. म्हणून खाद्यवस्तू जोडूच नये, किंवा घरच्या रीती जाणणाऱ्या गावातील मिठाईवाल्याकडून वेगळी पाठवावी, आणि तीही दिवस मावळण्याच्या पुष्कळ आधी पोहोचेल अशी.

काही घरांत याहून मूळचा प्रश्न निघतो: फूल मुळी तोडावेच का? वनस्पती हा एकेंद्रिय जीव. तो केवळ हौसेसाठी का खुडावा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उत्तरेकडील दिगंबर तेरापंथी परंपरेत पूजेतील पुष्पाच्या जागी केशराने रंगवलेले तांदूळ वाहतात, ते याच विचाराने. दक्षिणेकडील बीसपंथी परंपरेत फुले वाहिली जातात. श्वेतांबर मूर्तिपूजकांच्या अष्टप्रकारी पूजेतही पुष्प आहे. मात्र तेथे पाकळ्या तोडू नयेत, फुलाला सुई टोचू नये असा कटाक्ष सांगितला जातो. मार्ग भिन्न असले, तरी फुलाला हात लावताना मन जागे असावे, ही अपेक्षा सर्वत्र एकच आहे. जे घर तोडलेली फुले टाळते, तेथे गुच्छ पाठवणे म्हणजे त्या घराचा नियम न विचारता मोडणे होय. अशा घरी तुळशीची अथवा मोगऱ्याची कुंडी धाडावी. कुंडीला रोज पाणी घालावे लागते, आणि पाणी घालताना पाठवणाऱ्याची आठवण होते.

प्रसंगाचाही विचार हवा. इस्पितळात, विशेषतः अतिदक्षता विभागात, पुष्कळ ठिकाणी फुले आत नेऊ देत नाहीत. तेव्हा आजाऱ्यासाठीची फुले तो घरी परतल्यावर पाठवावीत. दुःखाच्या घरी रंगीत कागदात गुंडाळलेला, फितीचा गुच्छ शोभत नाही. तेथे पांढऱ्या फुलांचा साधा हार आणि दोन ओळींचे पत्र पुरे. त्या दोन ओळी दुकानदाराच्या छापील कार्डावर सोडू नयेत. स्वतः सांगाव्यात आणि हाताने लिहून घ्याव्यात.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त राजगृहाच्या एका बेडकाचा उल्लेख आहे. परंपरेतील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. भगवान महावीरांच्या दर्शनाला तो बेडूक एक फूल घेऊन निघाला, आणि वाटेत राजा श्रेणिकाच्या हत्तीच्या पायाखाली आला. त्याचे फूल पोहोचले नाही, तरीही त्याचा भाव फळाला आला आणि तो देवगतीला गेला. या कथेचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की भाव शुद्ध असला म्हणजे झाले. गुच्छ उशिरा आला तर काय बिघडले? पण बेडकाने फूल दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. ते घेऊन तो स्वतः निघाला होता. मुलाच्या मायेत उणे नव्हते. त्याने फक्त वाट चालण्याचे काम पूर्णपणे परक्यावर सोपवले, आणि आई कितीला जेवते, कितीला दार लावते, एवढे आठवण्याचे कष्टही त्यासोबत सोपवून टाकले.

त्या घरात पुढे काय व्हावे? आईने एकदा खरे सांगावे. ‘‘फुलं उशिरा आली रे, आणि केक आपल्याकडचा नव्हता,’’ एवढे म्हटल्याने मुलाचे मन दुखावत नाही. न सांगितल्याने मात्र पुढच्या वर्षी तेच खोके त्याच फळीवर येऊन पडते. मुलानेही ‘आवडली का?’ एवढेच विचारून फोन ठेवू नये. ‘कितीला आली, कोणी आणून दिली, कुठं ठेवलीस?’ असे विचारावे. जुनी पेढी हुंडी लिहून स्वस्थ बसत नसे. ती सकारल्याचा कागद परत हाती येईपर्यंत वही मोकळी राही.

आणि वर्षातून एकदा तरी फुले अ‍ॅपने न पाठवता, स्थानकाबाहेरच्या फूलवाल्याकडून निशिगंधाच्या चार दांड्या घेऊन, तो जिना स्वतः चढावा. दिवस मावळण्यापूर्वी चढावा, म्हणजे आईच्या पंक्तीला बसता येईल.